दोरी, पंप आणि उलटे आटे

चेन-सॉ म्हटलं की जंगल डोळ्यांपुढे येतं. नांदेडला किनवट-माहूरचा सागवानी पट्टा आहेच, पण लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. तिथलं काम बांधावरच्या बाभळीचं आणि वाऱ्याने आडव्या झालेल्या कडुनिंबाचं. वाळकी बाभूळ चेनचे दात लवकर बोथट करते, मशीनवर ताण येतो आणि ती दुरुस्तीला जाते, बहुधा लुना-स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर हात बसलेल्या मेस्त्रीकडे. कंपनीची खास हत्यारं त्याच्यापाशी नसतात. घरगुती हत्यारांनी मशीनची वाट लागते, असा आक्षेप त्यावर असतो. तो सरसकट खरा नाही. धरायचं किंवा फिरवायचं काम असेल तर घरचं हत्यार कंपनीच्या तोडीचं असू शकतं. मोजायची वेळ आली की मात्र त्याची परीक्षा असते.

क्लचचंच घ्या. तो क्रँकच्या टोकावर उलट्या आट्यांनी बसलेला असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला तर सुटतो. हे ठाऊक नसलेला जितका जोर लावील तितका तो आवळत जातो. ठाऊक असलं तरी क्रँकही सोबत फिरतो, म्हणून पिस्टन अडवावा लागतो. प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून तो अडवला तर माथ्याला भोक पडायची भीती. त्याऐवजी बाहेरच्या टोकाला गाठ मारून सुती दोरी आत सोडली की पिस्टन तिच्यावर टेकतो आणि दाब सगळ्या माथ्यावर पसरतो. अट एकच: पिस्टनने धूर जायचं भोक आधी झाकलेलं असावं. नाहीतर दोरीचा वेढा त्या भोकात शिरतो, पिस्टनची कड तो कातरते आणि तुकडा आत राहतो. म्हणजे अक्कल लागते ती दोरी कधी सोडायची, यालाच.

कॉइल आणि मॅग्नेट यांतली फट व्हिजिटिंग कार्डाने नीट बसते. खरी अडचण ऑइल सीलची. सील हवा ओढू लागलं की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने वंगणही घटतं. पिस्टन जाम होतो. नवा पिस्टन टाकला तरी काही दिवसांत पुन्हा तेच. तपासणीचा दाब साधारण अर्धा बार. बीपीचं काट्याचं यंत्र ३०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ०.४ बार दाखवतं. रबरी फुगा दाबून काटा खाली येतो का बघता येतं. पण आतून दाब दिला की सीलची ओठाळी शाफ्टवर आणखी घट्ट बसते आणि गळती लपते. ओढून पाहिलं तरच ती उघडी पडते. ओढायला सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर उलटं बसवलं आणि वॉल्व्हची दिशा बदलली की भागतं. मोजायचं कशाने? बीपीचा काटा शून्याखाली जात नाही. पारदर्शक नळीत पाणी चढवून मोजावं, तर अर्ध्या बारला पाच मीटर उंची हवी. पत्र्याच्या शेडला ती कुठली? शून्याखाली उतरणारा काटा असतो फ्रिज-एसीवाल्याच्या निळ्या गेजला. पण बांधावरची तोड पेरणीआधी, ऐन उन्हाळ्यात चालते, आणि त्या दिवसांत ते गेज घेऊन तो कुणाच्या तरी गच्चीवर चढलेला असतो.