घड्याळ कुणी घडवलं? : ‘समव्हेअर इन टाइम’ आणि घरच्या पडद्यावरचा काळ

मागच्या खेपेला आपण न्यायशास्त्रातले तर्कदोष पाहिले. आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक, अनवस्था. ही नावं ऐकली की काही जणांना झोप येते, मला ठाऊक आहे! म्हणून आज एका सिनेमाची गोष्ट सांगतो. दोष त्यातच सापडेल.

सिनेमाचं नाव ‘समव्हेअर इन टाइम’. अमेरिकेत १९८० साली आला. दिग्दर्शक जानो श्वार्क. पटकथा रिचर्ड मॅथेसन यांची, त्यांच्याच १९७५ च्या कादंबरीवरून. नायक ख्रिस्तोफर रीव्ह, नायिका जेन सेमूर. गोष्ट अशी. रिचर्ड हा तरुण नाटककार. १९७२ साली त्याच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला एक अनोळखी वृद्धा येते, त्याच्या हातात खिशातलं घड्याळ ठेवते, माझ्याकडे परत ये म्हणते आणि निघून जाते. आठ वर्षांनी मॅकिनॉ बेटावरच्या ग्रँड हॉटेलात एका जुन्या नटीचं छायाचित्र पाहून तो प्रेमात पडतो. ती नटी, एलिस, म्हणजेच ती वृद्धा.

आता त्याला १९१२ सालात जायचंय. यंत्रबिंत्र काही नाही. तो जुन्या पद्धतीचा सूट घालतो, खोलीतली आजची प्रत्येक वस्तू दूर करतो आणि टेपरेकॉर्डरवर स्वतःच्याच आवाजातल्या सूचना ऐकत पडून राहतो. जमत नाही. मग हॉटेलच्या १९१२ च्या नोंदवहीत त्याला स्वतःचीच सही सापडते! खात्री पटते आणि तो पोहोचतो. एलिस भेटते, प्रेम जुळतं. पण सूटच्या खिशात चुकून राहिलेलं १९७९ सालचं एक सेंटचं नाणं हाती लागतं, आणि त्या क्षणी तो वर्तमानात फेकला जातो. घड्याळ मात्र तिच्याकडेच राहतं.

आता सांगा, ते घड्याळ घडवलं कुणी? तिला ते त्याच्याकडून मिळालं, त्याला तिच्याकडून. तिसरा कुणी नाही. अन्योन्याश्रय म्हणतात तो हाच. आणखी एक अडचण बघा. १९१२ ते १९८०, म्हणजे एका फेरीत घड्याळ ६८ वर्षांनी जुनं होणार. मग ते पुन्हा १९१२ मध्ये पहिल्याइतकंच नवं कसं? झिजायला तर हवं! डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७६ च्या कालप्रवासावरच्या निबंधात म्हटलंय की अशी कार्यकारणाची वर्तुळं अशक्य नाहीत, फक्त संपूर्ण वर्तुळाला कारण सांगता येत नाही. नैयायिक इतकी सवलत देणार नाही.

आता सिनेमाच्या नशिबाकडे वळू. थिएटरात तो पडला. पुढे केबलवर आणि व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी तो उचलला, इतका, की चाहत्यांचं मंडळ निघालं आणि त्याच ग्रँड हॉटेलात दरवर्षी मेळावे भरू लागले. गंमत अशी की चित्रपटाची कंपनी होती युनिव्हर्सल, आणि घरी कार्यक्रम टेप करण्याच्या यंत्राविरुद्ध १९७६ मध्ये सोनीवर खटला भरणाऱ्यांतही युनिव्हर्सल होती. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. आत्ताचा कार्यक्रम टेप करून मग बघणं, याला त्या निकालात शब्द आहे ‘टाइम-शिफ्टिंग’. काळ सरकवणं! ज्या घरच्या पडद्याशी कंपनीचं भांडण होतं, त्याच पडद्याने तिचा पडलेला सिनेमा जगवला.

आम्ही तो पाहिला तो भाड्याच्या व्हीसीआरवर, लायब्ररीच्या कॅसेटवर. टेप जितकी चालते तितकी झिजते. रिचर्ड आणि एलिस झाडांखाली पहिल्यांदा समोरासमोर येतात, तिथे पडदाभर पांढऱ्या रेघा आल्या. माझी पत्नी म्हणाली, “इथे बरेच जण परत आलेले दिसतात.” तेव्हा मी हसलो होतो. आज वाटतं, माझ्या अख्ख्या व्याख्यानाचा मुद्दा तिने एका वाक्यात सांगितला. सिनेमातलं घड्याळ झिजत नाही, म्हणून ते अशक्य वाटतं. टेप झिजली होती, म्हणजे तिथे माणसं खरंच येऊन गेली होती. खरं परत जाणं काहीतरी खर्च केल्याशिवाय होत नाही.

आता डिस्क आहे. तिच्यावर एकही रेघ नाही. सोबत पाहणारी मात्र नाही. तो प्रसंग आला की माझ्या खिशातलं नाणं हाताला लागतंच. आजची तारीख, माझं वय, शेजारची रिकामी खुर्ची.

रिचर्डची चूक इथे होती असं मला वाटतं. त्याला नाण्याशिवाय परत जायचं होतं. वर्तमान पूर्ण पुसून. नाणं निघालं आणि तो खचला, त्या दुःखातच गेला. आपल्याला तसं जाता येत नाही, आणि गरजही नाही. आपण नाणं खिशात ठेवूनच मागे जातो, थोडं बसतो, परत येतो. स्मरण म्हणतात ते याला. त्यात भूतकाळ पुन्हा घडत नाही. जे घडलं ते आपलं होतं, एवढं कळतं. मला तेवढं पुरतं.

जाता जाता एक गृहपाठ. नोंदवहीत सही होती म्हणून त्याचा विश्वास बसला, आणि विश्वास बसला म्हणून तो तिथे जाऊन सही करू शकला. हा दोष कोणता? घड्याळाचाच, की वेगळा? विचार करून ठेवा, पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात करू.