छोटे रिव्हॉल्व्हर की मोठे पिस्तूल?

२०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्याने महिलांच्या स्वसंरक्षणासाठी ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले; किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावणारे हे सहाबारी शस्त्र बरे, की अधिक गोळ्यांचे, हातात स्थिर राहणारे, पण बाळगण्यास अवजड असे पिस्तूल बरे, हा वाद रास्तच आहे. परंतु १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दोहोंनाही परवाना लागतो. लष्करी ९ मि.मी.चे पिस्तूल तर सामान्य नागरिकास वर्ज्यच. आणि निवडीची ऐपत तरी कितीजणांची? रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेस दोन्ही सारखीच दुर्लभ. सुरक्षितता ही खासगी खरेदीची वस्तू झाली, की ती ऐपतीप्रमाणेच वाटली जाणार. रस्त्यावरचा दिवा आणि वेळेवर येणारा पोलीस यांचे तसे नाही. त्यांचा लाभ सर्वांनाच मिळतो. सरकारने प्रथम खर्च करावयाचा तो तेथेच.