ठोकलेली गाडी: ठेवायची की काढायची?

नागापूर एमआयडीसीची शिफ्ट सुटली, की नगर-मनमाड रस्त्यावर गाडी चालवणं म्हणजे रोजची परीक्षा! माझ्या मावसभावाच्या हॅचबॅकला तिथेच टेम्पोनं समोरून ठोकलं. तो सुखरूप, पण गाडीचं तोंड पार चेपलेलं, एअरबॅग उघडलेल्या. घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. काका म्हणाले, "दुरुस्त कर." मित्र म्हणाले, "काढून टाक यार, नवी घे!"

आम्ही आधी पॉलिसी उघडली. पहिला फंडा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी 'टोटल लॉस'. याची आयडीव्ही ४ लाख, म्हणजे रेषा ३ लाखांवर. एस्टिमेट आलं १ लाख ८० हजार. म्हणजे कंपनी फक्त दुरुस्तीचे पैसे देणार.

तेही सगळे नाहीत बरं का! 'झिरो डेप' नसेल, तर बंपरसारख्या प्लॅस्टिक आणि रबरी पार्टचे निम्मे पैसे तुमचे. शिवाय क्लेम केला, की नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं क्लेम नसेल, तर तो ५० टक्के असतो. त्यामुळे किरकोळ पोचा आला असेल, तर खिशातूनच भागवा.

आणि कर्ज चालू असताना टोटल लॉस झाला तर? विम्याचे पैसे आधी बँकेला. बाकी जास्त असेल, तर गाडी नाही, पण ईएमआय आहे!

पण खरा प्रश्न पैशांचा नाहीच. हल्लीच्या बहुतेक कारमध्ये बॉडी हाच सांगाडा. तो वाकला असेल, तर वरून कितीही चकाचक रंग मारा, पुढच्या धडकेत तुम्हाला वाचवण्याची त्याची ताकद कमी झालेली असू शकते. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून मोजमाप घ्यायला लावा. गाडी जुनी असेल, तर अजून एक विचार करा. नव्या कारना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२ पासून. ज्या गाडीत हे नाहीच, तिच्यावर लाखभर ओतायचे का?

भावाच्या गाडीचा सांगाडा सरळ निघाला. त्यानं दुरुस्तीच केली. नव्या एअरबॅग, सेन्सर, सीटबेल्ट बिलावर वेगवेगळे लिहून घेतले.

तुम्हीही गाडी ताब्यात घेताना चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर सही करू नका, बॉस!