तांबी, गोळी आणि दुकानदाराचे डोळे

10 नोव्हेंबर 1938 रोजी संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. आज गोळी दुकानात आहे, पण अविवाहित मुलीने मागितली की दुकानदार डोळे वटारतो. म्हणून आम्ही उघडच लिहितो.

निरोध फाटला, किंवा जबरदस्ती झाली, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची एक गोळी 72 तासांच्या आत घ्यावी; जितक्या लवकर तितके चांगले. दोन तासांत उलटी झाल्यास पुन्हा घ्यावी. 2005 मध्ये ती चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली. लग्नाचा दाखला तर कधीच लागत नव्हता! ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. पाच दिवसांच्या आत सरकारी दवाखान्यात तांबी बसवली तर ती गोळीहून खात्रीची. एचआयव्हीपासून मात्र दोन्ही वाचवत नाहीत.

पाळी आठवडाभर लांबली तर लघवी तपासून घ्या. दिवस गेलेच असतील तर 1971 चा गर्भपात कायदा आहे. 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितले. आणि सज्ञान स्त्रीच्या अर्जावर नवऱ्याची सही मागणाऱ्या डॉक्टरला विचारा, कोणत्या कलमाखाली?