साच्याचा साचा

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, चौथ्या फेजमध्ये, झेरोधाची कचेरी आहे. नितीन कामत यांनी 2010 साली सुरू केलेली ही शेअरदलालीची कंपनी. नाव झिरो आणि रोध जोडून केलेलं, म्हणजे अडथळा शून्य. ही कंपनी आपल्या अंतर्गत हिशेबांसाठी ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर वापरते. ते तयार झालं मुंबईत, ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीत. त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, आणि वाचणाऱ्याला एका ठिकाणी गरगरल्यासारखं होतं.

आधी सोऱ्या आठवा. भांडं एक, दट्ट्या एक. चकती बदलली की त्यातून चकली पडते, शेव पडते, कुरडई पडते. ईआरपीनेक्स्ट ज्या चौकटीवर उभं आहे, तिचंही नाव फ्रॅपेच; तिच्यातल्या चकतीला डॉकटाइप म्हणतात. समजा, ग्राहकांची नोंदवही हवी आहे. एरवी डेटाबेसमधला तक्ता वेगळा लिहायचा, पडद्यावरचा फॉर्म वेगळा, यादी वेगळी, कुणी काय पाहायचं याचे नियम आणखी वेगळे. इथे फक्त वर्णन द्यायचं: नाव, ते सक्तीचं, फोन, जन्मतारीख. 'सेव्ह' दाबलं की तक्ता तयार, फॉर्म तयार, यादी तयार, आणि दुसऱ्या प्रोग्रामला आत येण्यासाठी दारसुद्धा. कोडची ओळ एकही नाही.

इथवर ठीक. पण हे वर्णन आपण कुठे भरतो? एका फॉर्ममध्येच. आणि तो फॉर्म कुठून आला? तोही एका डॉकटाइपच्या वर्णनातून. त्या डॉकटाइपचं नाव डॉकटाइप! फ्रॅपेच्या तक्त्यांची नावं 'टॅब'ने सुरू होतात. 'टॅबडॉकटाइप' हा तक्ता उघडा, त्यात ग्राहकाची ओळ असते, बिलाची असते आणि खुद्द डॉकटाइपचीही. चकती पाडणारा सोऱ्या, आणि त्यातून पडलेली पहिली चकती तीच, जी त्यात बसवली होती. मग ती आधी आली कुठून?

ते सांगतो, पण या गमतीचा उपयोग आधी. वर्णन हा कोड नसून निव्वळ माहिती आहे, म्हणून त्यावर दुसरी माहिती पांघरता येते. कुणाला बिलावर ट्रकचा नंबर हवा असेल, तर तो 'कस्टम फील्ड' म्हणून वेगळा साठवला जातो. एखादा रकाना सक्तीचा करायचा, तर तेवढीच दुरुस्ती 'प्रॉपर्टी सेटर'मध्ये बसते. मूळ वर्णनाला कुणी हात लावत नाही. नवी आवृत्ती आली की खालचा थर बदलतो, तुमचा वरचा थर तसाच राहतो.

वागणूक बदलायची असेल, तर हुक. 'विक्रीचं बिल पक्कं झालं की मला हाक मार,' असं दुसरं ॲप एका फाइलीत लिहून ठेवतं. बिलाच्या कोडला हाक ऐकणारा कोण, याचा पत्ताही नसतो. 1 जुलै 2017 पासून आलेल्या जीएसटीचे नियम आधी ईआरपीनेक्स्टच्या पोटातच होते. 2022 च्या चौदाव्या आवृत्तीत ते बाहेर पडून 'इंडिया कम्प्लायन्स' नावाच्या स्वतंत्र ॲपमध्ये गेले. जर्मनीतल्या दुकानदाराने आपला जीएसटी का वाहावा?

फुकट मात्र काही नसतं. एकाच बिलावर चार ॲप्सचे हुक बसले की आकडा नेमका कुणी बदलला, हे शोधताना रात्र जाते. दोन ॲप्सनी बिलाच्या कोडचा तोच भाग बदलून टाकला, तर शेवटी बसवलेल्याचं चालतं. पहिला बिचारा मुकाट्याने बाजूला पडतो.

आता ती पहिली चकती. फ्रॅपेच्या कोडमध्ये 'फ्रेमवर्क_मारियाडीबी.एसक्यूएल' नावाची एक साधी फाइल आहे. डॉकटाइपचा तक्ता, त्यातल्या रकान्यांचा तक्ता, परवानग्यांचा तक्ता आणि असे थोडेसेच, जुन्या पद्धतीने आधीच लिहून ठेवलेले. नवी साइट उभी राहताना ही फाइल एकदाच चालते. त्या कोऱ्या तक्त्यात डॉकटाइप स्वतःचं वर्णन भरतो, आणि पुढची प्रत्येक नोंदवही त्याच्यातून पडू लागते.