सवय टिकते ती कोणाच्या भरवशावर?

मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे करत भीमाशंकरकडे जाणारा रस्ता आंबेगाव तालुक्यातून जातो. या तालुक्यातून आणि भोवतालच्या जुन्नर, खेड, मावळ, अकोले भागातून माणसे सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबईला जेवणाचे डबे पोहोचवण्याच्या कामासाठी जात आली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या व्यवसायाची घडी बसवली असे मानले जाते. डबेवाल्यांपैकी बहुतेकांची शाळा आठवीच्या आसपासच सुटलेली. तरीही वेळ पाळणे, तेच काम रोज तितक्याच नेटाने करणे, दिलेला शब्द राखणे, या व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत कधी न संपणाऱ्या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या. त्यांची इच्छाशक्ती इतरांपेक्षा दांडगी होती म्हणून हे घडले, असे मला वाटत नाही. चुकायला फारशी जागाच उरू नये अशी त्यांच्या कामाची मांडणी आहे, आणि यशाच्या सवयींचे खरे मूळ मला तिथे दिसते.

ही मांडणी जवळून पाहण्यासारखी आहे. साधारण वीस-पंचवीस जणांचा एक गट आणि त्यावर एक मुकादम. सकाळी घराघरांतून डबे गोळा होतात, सायकलवरून स्टेशनात येतात, तिथे झाकणावरच्या खुणा पाहून लावले जातात आणि लांबलचक लाकडी क्रेटमध्ये भरून लोकलच्या मालडब्यात चढतात. झाकणाच्या मधोमध मोठा आकडा असतो, तो उतरण्याच्या स्टेशनाचा. कडेला पोहोचवणाऱ्या माणसाची, इमारतीची आणि मजल्याची खूण, आणि डबा कुठून निघाला त्याचीही. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात क्रेट चढले नाही तर पुढच्या स्टेशनावर वाट पाहणाऱ्याचा खोळंबा होतो आणि दुपारी कोणाचे तरी जेवण चुकते. कामावर असताना दारू प्यायली, डोक्यावर टोपी नसली, न सांगता दांडी मारली, तर दंड. गटाची कमाई सारखी वाटली जाते, म्हणून एकाच्या ढिलाईची झळ सगळ्यांना लागते. कोणी आजारी पडला तर त्याचा मार्ग सांभाळायला गटात दोन-तीन जादा माणसे असतात. जे गिऱ्हाईक वारंवार डबा वेळेत तयार ठेवत नाही, ते सोडूनही दिले जाते. म्हणजे शिस्त स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचते. या सगळ्यात 'आज मन लागत नाही' या वाक्याला कुठे शिरकाव मिळेल?

सवयींवरचे संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक नवी गोष्ट करायला सांगितली होती. २०१० मध्ये छापल्या गेलेल्या त्या अभ्यासात कृती आपोआप होऊ लागायला मध्यक धरता ६६ दिवस लागले; कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत आयुष्य बदलण्याचे पुस्तकी आश्वासन इथे टिकत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांच्या संशोधनाचा सूरही हाच, की सवय मनातल्या निर्धाराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, जागेला, वेळेला आणि आसपासच्या माणसांना बांधलेली असते. डबेवाल्याच्या बाबतीत ही तिन्ही बंधने रोज सकाळी आपापल्या जागी हजर असतात.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की डबेवाल्यांच्या अचूकतेच्या कथा फुगवलेल्या आहेत. फोर्ब्ज मासिकातल्या १९९८ च्या लेखानंतर 'सिक्स सिग्मा' हे जवळजवळ बिनचूक कामाचे बिरुद त्यांना चिकटले. रीतसर मोजमाप करून मिळालेले ते प्रमाणपत्र नव्हे, हे मान्य करायला हवे. पण बिरुद बाजूला ठेवले तरी रोज लाखाच्या घरात डबे वेळेवर जात होते, हे उरतेच. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हा पोटासाठीचा नाइलाज, याला वैयक्तिक विकास कसा म्हणायचा? नाइलाज तर शहरातल्या कितीतरी धंद्यांत होता, सगळीकडे अशी शिस्त उगवली नाही. इथे एका मुलखातली, बहुतांशी वारकरी संस्कारातली, एकमेकांच्या घरादाराला ओळखणारी माणसे भागीदार म्हणून उभी राहिली, हा फरक आहे. तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत लोकल थांबल्या, कचेऱ्या घरी गेल्या आणि वर्षानुवर्षे वेळ पाळणाऱ्या कितीतरी जणांचे काम गेले. चांगली सवय रोजगार टिकवेलच असे नाही. ती माणसाला विश्वासू बनवते. त्या विश्वासाला गिऱ्हाईक मिळणे न मिळणे बाजाराच्या हातात असते. यशाची पुस्तके ही बाजू गाळतात आणि अपयशाचे सगळे खापर माणसाच्या आळसावर फोडतात. हा अन्याय आहे.

भीमाशंकरच्या वाटेवरल्या शिनोलीसारख्या गावात आज पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मुकादम नसतो. भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पहाटे रस्त्यावर एकट्याने धावणारा मुलगा थंडीत दुसऱ्याच आठवड्यात अंथरुणात राहू शकतो. चौघे एका ठरलेल्या वळणावर भेटणार असतील तर न आलेल्याच्या दारावर थाप पडते. अभ्यासाचेही तसेच: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि आज का आली नाहीस असे विचारणारी एखादी मैत्रीण. एवढी जुळणी मुले आपसात करू शकतात. पण अभ्यासिका संध्याकाळी उघडते आणि वाडीकडची शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते, असे असेल तर त्या वाडीतल्या मुलीला चिकाटीचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. अभ्यासिकेची वेळ एसटीचे वेळापत्रक पाहून ठरवावी लागेल, आणि ते काम मुलीचे नाही, ग्रामपंचायतीचे आहे.