संगमेश्वरचा पगार कुठे मोजायचा?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. राज्यात पहिला क्रमांक. कोकणात बाईला मान आहे याचा पुरावा म्हणून हा आकडा व्यासपीठांवरून अजूनही सांगितला जातो. सांगणाऱ्याने त्याच जनगणनेतला शून्य ते सहा वर्षांचा गट काढून पाहावा. तिथे रत्नागिरीतही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. म्हणजे पाळण्यापाशी रत्नागिरी चारचौघांसारखीच आहे. पुढे बाया वाढत नाहीत, बाप्ये कमी होतात. ते मरत नाहीत, मुंबईत परळ-लालबागला, आणि आता जास्त करून दिवा, नालासोपारा, विरारला मोजले जातात.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, दहा वर्षांनी ती १६,१५,०६९ भरली. राज्याची लोकसंख्या याच काळात सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात त्या दशकात घट झाली ती तीनच जिल्ह्यांत: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. या तिघांची नावे एका ओळीत येणे हा योगायोग नाही. मुंबईत नोकरीला गेलेल्या कोकणी माणसाचे, म्हणजे चाकरमान्याचे, एक टोक गावात आणि दुसरे मुंबईच्या गिरणगावात होते. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि दोन्ही टोके एकाच दशकात विरळ झाली. माणसे मधल्या उपनगरांत गोळा झाली.

या पार्श्वभूमीवर ‘राज्यातील रहिवाशांचा रोजगार, उत्पन्न आणि दारिद्र्य’ असा विषय कुणी काढला, की संगमेश्वर तालुक्यापुरता मला पहिला प्रश्न पडतो तो रहिवाशाचा. उत्पन्न आणि दारिद्र्य नंतर पाहू. आधी रहिवासी कोण ते ठरवा.

संगमेश्वर हे शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावरचे गाव. कसब्यात १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले, तेव्हापासून महाराष्ट्राला हे नाव पाठ आहे. तालुका संगमेश्वरचा, कचेरी मात्र देवरुखला. पूर्वेला सह्याद्रीची उतरण, मार्लेश्वरचे खोरे, साखरप्याकडचा घाट. पश्चिमेला फुणगूस-डिंगणीचा खाडीपट्टा. मधल्या चिंचोळ्या सपाटीत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि वर उघडा कातळ. पाऊस धो धो पडतो आणि शिमग्यानंतर बाई हंडा घेऊन झऱ्यावर उभी असते. अशा जमिनीवर एका कुटुंबाचे वर्षाचे धान्यही पुरते निघत नसे. त्यात खोती.

खोत मुळात सरकारसाठी वसुली करणारा. इंग्रजी अमलात त्याचे वसुलीचे हक्क पक्के होत गेले आणि १८८० च्या खोती कायद्याने त्यांना चौकट मिळाली. कुळाने भाताचे अर्धे पीक द्यायचे ते अर्धेल, वरकशीचे तिसरा हिस्सा द्यायचे ते तिर्धेल, आणि वर वेठ. कुळे बहुतेक कुणबी आणि महार. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले, आणि कुळाला मालकी देणारा कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. तोवर तीन पिढ्या मुंबईला जाऊन आल्या होत्या. कोकणी माणूस आळशी म्हणून शेती सोडून पळाला, असे घाटावरचे लोक म्हणतात आणि कोकणातलेही काही शहाणे म्हणतात. अर्धे पीक दुसऱ्याच्या कणगीत जात असताना शेतीवर जीव टाकणारा माणूस कुठल्या प्रदेशात सापडतो, तेवढे त्यांनी दाखवावे.

मुंबईला जायचा रस्ता पाण्याचा होता. शास्त्रीच्या खाडीने होडीतून जयगडच्या तोंडापर्यंत आणि तिथून आगबोटीने. घाटातून चालत सातारा गाठण्यापेक्षा समुद्र स्वस्त आणि सोपा, म्हणूनच मुंबईच्या गिरण्यांना रत्नागिरी इतकी जवळची. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचे सिंधुदुर्गही आले, कारण तो वेगळा झाला १९८१ मध्ये. १९३१ पर्यंत हे प्रमाण पाव हिश्शावर उतरले. घाटावरची आणि उत्तरेकडची माणसे आली, रत्नागिरीवाले गोदी, पोलीस, पोस्ट, घरगडी अशा कामांतही पांगले. तरी १९२१ च्या मुंबईत दर पाच माणसांतला एक या जिल्ह्यात जन्मलेला होता.

इथे एक गोष्ट घडली, जिने पुढचा सगळा हिशेब बिघडवला. पुरुष गेले, घर गेले नाही. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक एवढाच संसार. बायको गावाला: लावणी, कापणी, गुरे, म्हातारे, मुले. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवरच्या आपल्या इतिहासग्रंथात दाखवले आहे, की गावाशी धरलेली ही नाळ मागासलेपणाची खूण नव्हती. गिरणीतली नोकरी बदलीची, पगार बेभरवशाचा, आजारपणात आणि म्हातारपणात कंपनी विचारत नाही. अशा वेळी गावचे घर हाच विमा होता. १९२८ चा संप सहा महिने टिकला, त्यामागे पुढाऱ्यांचे शौर्य होतेच, पण कामगारांना गावी जाऊन पेज पिता येत होती हेही होते. हा विमा चालू ठेवणारी बाई कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. गिरणीमालकाला एका पुरुषाच्या जेवणापुरता पगार देऊन भागत होते, कारण त्याच्या पोरांना आणि आईबापांना अर्धेअधिक ती पोसत होती. मुंबईच्या कापडाची किंमत कमी ठेवण्यात संगमेश्वरच्या भातखाचरांचा वाटा आहे, हे कुणी लिहिलेले मला तरी फारसे वाचायला मिळाले नाही.

उलट दिशेने मनीऑर्डर येई. पोस्टाने हा व्यवहार १८८० मध्ये हातात घेतला, आणि पुढची शंभर वर्षे कोकणातल्या वाडीवर पोस्टमन हा तलाठ्याहून महत्त्वाचा सरकारी माणूस होता. तो पैसे मोजून देई, फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवी आणि अंगठा घेई. रक्कम बेताची. तिच्यातून वाण्याची उधारी, शाळेची फी, सोसायटीचा हप्ता, आणि उरले तर कौले. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. पैसे आता मोबाईलवर येतात आणि दोन ओळी येत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. या वेळीही माणसे गावी परतली, जुन्या विम्यावर विसंबून. पण १९२८ मध्ये सहा महिन्यांनी परत जायला गिरणी होती. या वेळी ती राहिली नाही. चाळिशीतला साचेवाला वाडीत येऊन बसला, बायकोने पंधरा वर्षे चालवलेल्या शेतात त्याला काय चालले आहे तेच कळेना. त्या वर्षांतली दारूची, कर्जाची, मुलींची शाळा सुटल्याची हकिगत घरोघर आहे. पुढे सरकारने गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरवले. सुमारे दीड लाख कामगारांनी किंवा वारसांनी अर्ज केले, म्हाडाची मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये. अनेकांच्या बाबतीत अर्ज बापाचा आणि सोडतीची वाट पाहणारा नातू, अशी स्थिती आहे.

आज तालुक्यातला तरुण मुंबईला जातो तो गिरणीत नाही. सुरक्षारक्षक, कुरिअर, मॉलमधले काउंटर, रिक्षा, छोट्या कंपनीत कंत्राटी हाऊसकीपिंग. मुलीही जातात, हा बदल मोठा आहे. खाडीपट्ट्यातल्या मुस्लिम गावांतून दोन पिढ्या आखाती देशांत गेल्या, तिथली दुमजली बंद घरे ओळखू येतात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, संगमेश्वर रोड स्टेशन झाले, दिवा-सावंतवाडी गाडी भरून येते आणि भरून जाते. रेल्वेने रोजगार गावात आणला नाही. गावातून निघणे सोपे केले, आणि गणपतीला येणेही. देवरुखजवळ साडवलीला औद्योगिक वसाहत आहे, पण तालुक्याच्या माणसांना पुरेल एवढे काम तिथे नाही.

मग गावात काम नाही म्हणावे तर तेही खरे नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली आणि वरकशीवर काजू-आंबा चढला. या योजनेने कोकणचा डोंगर बदलला, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. आज त्या बागांची राखण नेपाळी कुटुंबे करतात, चिरेखाणीवर उत्तर कर्नाटकातले मजूर असतात. माणसे पाठवणारा जिल्हा माणसे मागवतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, आणि भातलावणीला गडी त्याहून जास्त मागतो व दुपारचे जेवण वेगळे. त्यामुळे हमीच्या कामावर माणूस मिळत नाही आणि शेतावरही मिळत नाही. जमीन पडीक राहते, रान वाढते, रानडुकरे येतात, आणि शेजारच्याचीही शेती सुटते. सातबारावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले बरेच मुंबईला, काही हयातच नाहीत. सगळ्यांची संमती आणल्याशिवाय ना कर्ज, ना विहिरीची योजना.

आता सरकारी हिशेबाकडे या. जिल्ह्याचे उत्पन्न मोजतात ते जिल्ह्याच्या हद्दीत काय पिकले, बनले आणि विकले यावर. विरारला राहून अंधेरीला पहारा करणाऱ्याचा पगार मुंबई उपनगरच्या उत्पन्नात जातो, मग त्यातले निम्मे दर महिन्याला संगमेश्वर तालुक्यातल्या माखजनजवळच्या वाडीत खर्च होत असले तरी. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे. तो पहारेकरी तिथे वेगळे कुटुंब ठरतो, गावची आई-बायको वेगळे. एक घर कागदावर दोन होते: एक मुंबईत कमावते, एक गावात ‘पाठवलेल्या रकमेवर अवलंबून’. २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत स्थलांतरितांबद्दल आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांबद्दल सविस्तर विचारले गेले होते, म्हणजे असे विचारता येते हे सिद्ध आहे.

गावच्या बाईचे काम तर याहून अवघड रकान्यात पडते. श्रमबलाच्या पाहणीत ९३ क्रमांकाचा एक संकेतांक आहे: घरकाम करणारी आणि सोबत सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारी, घरापुरते शिवणारी. ही श्रमबलाबाहेरची मानली जाते. जंगलातून मोळी आणणारी, गवत कापणारी, परसात कुळीथ-पावटा लावणारी बाई त्या रकान्यात ‘काम न करणारी’. तीच भाताच्या चार महिन्यांत शेतात राबली आणि मोजणाऱ्याने तसे विचारले, तर शेतीतील विनावेतन मदतनीस. एका प्रश्नाच्या फरकाने तालुक्यातला स्त्रियांचा रोजगार वर-खाली होऊ शकतो.

दारिद्र्याचे मोजमाप उत्पन्नावर नसून खर्चावर आहे, त्यामुळे मनीऑर्डर तिथे दिसते. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ ची ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई महिन्याला ९६७ रुपये, आणि तिच्याखाली ग्रामीण महाराष्ट्रातली २४.२ टक्के माणसे. पैसे पाठवणारा मुलगा असलेले घर या रेषेच्या वर राहते. मुलाची नोकरी गेली, त्याने तिकडे संसार थाटला, किंवा आईबापांना मुलगाच नाही, तर तेच घर, तीच जमीन, तीच गाय घेऊन रेषेखाली जाते. संगमेश्वरातले दारिद्र्य जमिनीच्या खडकाळपणापेक्षा फोन उचलणाऱ्या माणसावर ठरते. जिल्ह्याच्या सरासरीवर बेतलेल्या योजनांना हा फरक दिसणे कठीण आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, हे कागदावरचे दोन तुकडे एकमेकांसमोर उभे राहिले. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत चौदा दिवस ठेवले, गणपतीच्या आधी ते दहा दिवसांवर आणले. काही वाड्यांनी वेशीवर बांबू आडवे बांधले. ज्यांच्या पैशावर देवळाचा सभामंडप झाला, त्यांनाच ‘तुम्ही इथले नाही’ ऐकावे लागले. कडवटपणा पुष्कळ झाला. तरी रेशनचे तांदूळ वाटून खाल्ले गेले आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी दुसऱ्या बाजूने गावाला औषधे पाठवली.

केरळने मोजणीच्या या प्रश्नाला वेगळा हात घातला. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ मध्ये स्थलांतराचे सर्वेक्षण सुरू केले आणि ते ठरावीक अंतराने होत राहिले. त्यामुळे बाहेरून आलेला पैसा राज्याच्या उत्पन्नाच्या किती टक्के हे तिथे चर्चेत येते. २०२३ च्या फेरीत तो २३ टक्क्यांच्या आसपास निघाला. आपल्याकडे चाकरमान्याची आठवण निवडणुकीत आणि गणपतीच्या जादा एसटी गाड्यांत येते, आर्थिक पाहणीच्या कोष्टकात नाही.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि महिना १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. योजनेच्या खर्चाबद्दल आणि हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे, मी घेतो. पण कोकणातल्या बाईच्या दृष्टीने एक फरक झाला आहे. पैसा पहिल्यांदाच नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा दिराच्या मर्जीवाचून येतो. वाण्याची उधारी कुणाला न विचारता फेडता येते, हे देवरुखच्या बाजारात कुठलीही बाई सांगेल.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची स्थिती नोंदवणार आहे. त्या वर्षी होळी येते मार्चच्या उत्तरार्धात. म्हणजे मोजणी होईल तेव्हा चाकरमानी दिवा-विरारला असेल, आणि तीन आठवड्यांनी पालखी नाचवायला गावात. गावातल्या बंद घरांवर ‘कुलूप’ एवढीच नोंद पडेल, उघड्या घरांत म्हातारी माणसे आणि बायका मोजल्या जातील, आणि ११२२ च्या जागी नवा आकडा येईल. फॉर्ममध्ये आणखी एकच ओळ घातली तर पुरे आहे: या घराचा खर्च चालवणारे माणूस कुठे राहते, आणि ते वर्षातून किती दिवस इथे असते?